विमानाची खांदशेकणी

आमच्या घरी बैल कधीच नव्हते. आर्णीपासून आत, कच्च्या रस्त्याच्या गावात आमचं कोरडवाहू वावर. त्यात पराटी, म्हणजे कापूस, आणि तूर. पेरणीच्या दिवसांत बाबा किरायाची जोडी आणायचे. ज्याचे बैल, त्याची पेरणी आधी. आमची पाळी यायची तेव्हा जमिनीतली ओल उडून गेलेली असायची, नाहीतर पाऊस असा लागून बसलेला की वावरात पाय ठेवायची सोय नाही. मागून पेरलेलं मागूनच उगवायचं आणि कमीच यायचं. पोळ्याला सगळं गाव आपापल्या जोड्या रंगवून, झुली घालून तोरणाखाली न्यायचं. आम्ही रिकाम्या हातानं कडेला उभे. माय म्हणायची, "चाला, आपनबी जाऊ. पाहनारं कोनी नसनं त सजवून काय फायदा?"

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले, यवतमाळला, एसटीच्या पासवर. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी विचारलं तर सांगतेच, न विचारताही सांगते.

नोकरी लागली ती विमान कंपनीत. राज्य सरकारनं छोट्या शहरांसाठी काढलेली छोटीशी कंपनी. मोठ्या विमानतळावर मुक्काम परवडेना, म्हणून विमानाचा गोठा आमच्या जिल्ह्याच्या धावपट्टीवर. एक पत्र्याची शेड, बाहेर कुंपण, कुंपणापलीकडे सोयाबीन. सकाळी रोही, म्हणजे नीलगाई, धावपट्टीवर उभे असायचे. त्यांना हाकलल्याशिवाय विमान निघत नसे. सरकारनं कंपनी काढली, पण विमान काही घेतलं नाही. परदेशातल्या एका मालकाकडून पंख्यांचं छोटं विमान भाड्यानं आणलं. ते आलं तेव्हा त्याच्या संडासाच्या दारावर कोणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत काहीतरी लिहिलेलं होतं. पहिल्या उड्डाणाला एका कापूस व्यापाऱ्यानं ते दार देवघराचं समजून उघडलं आणि आत जाऊन नमस्कार करून परत आला. त्या एका विमानावर कंपनी काही वर्षं चालली. पुण्याच्या परीक्षेला निघालेली पोरं, मुंबईच्या दवाखान्यात जाणारे म्हातारे, कोर्टाच्या तारखेचे वकील, सगळे त्यातच.

मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी पानठेल्यावर पेढे वाटले. तिथं माझ्यासमोरच एकानं विचारलं, "विमान कोनाचं हाय?"

"सरकारचं," बाबा म्हणाले.

मला खोटं चालत नाही. मी म्हटलं, "नाही, भाड्याचं आहे. मालक परदेशात असतो."

ठेल्यावर हशा पिकला. "म्हंजे पोरगी शिकूनबी किरायाच्याच जोडीवर!"

सगळ्यांत जास्त बाबाच हसले. "असू दे ना! आपली किरायाची जोडी बांधाच्या पलीकडे जात नव्हती, हे त ढगात जाते."

पुढे भाड्याची मुदत संपत आली. भाड्याचं विमान जसं आलं तसं परत द्यावं लागतं. मालकाचा तपासनीस येतो, नाकापासून शेपटीपर्यंत तपासतो आणि मगच सही करतो. ते तपासनीसाला दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून सांगितलं, "हे नीट परत गेलं तर मालक दोन नवी विमानं द्यायला तयार आहे. अडलं, तर ती दुसऱ्याला जातील. मग कंपनीला कुलूप आणि आपण सगळे घरी." माझी नेमणूकही कंत्राटी, याच विमानाबरोबर संपणारी. घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार यायला लागला होता. मला घरी बसायचं नव्हतं.

विमान आम्ही घासूनपुसून पांढरं शुभ्र केलं. मग पोळा आला आणि मी गावी गेले. परतले ती तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तपासनीस आधीच येऊन पंखावर गुडघे टेकून बसला होता. उंच, उन्हानं लाल झालेला, कमी बोलणारा माणूस. पंख जिथं धडाला जोडलेला असतो, तिथं त्यानं पांढरा कपडा फिरवला आणि मला दाखवला. कपडा पिवळा, तेलकट.

"सांध्यातून तेल गळतंय," तो इंग्रजीत म्हणाला. "पंख उघडावा लागेल."

पंख उघडायचा तर मोठ्या वर्कशॉपला न्यायचं, म्हणजे कित्येक आठवडे. मी मुदतीचे उरलेले दिवस मोजायला लागले. तेवढ्यात आमचे मोठे मिस्त्री हळूच जवळ आले.

"ताई, त्याले सांग, तेल नोहे ते."

"मग काय आहे, काका?"

"खांदशेकणी केली."

"कोणाची?"

"आता बैल हायेत का इथं? विमानाची! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तुपानं चोळतो ना आपन, तसा याचा चोळला. वर्षानुवर्षं राबलं बिचारं."

"अहो, पण ते परत जाणार आहे ना!"

"म्हनूनच त! तसंच कोरडं धाडाव का?"

बाकीचे मिस्त्री मागे उभे. सगळ्यांची नखं पिवळी.

मी तपासनीसाला सांगितलं, हे तेल नाही, मालिश आहे.

"मालिश? विमानाला?" मी थट्टा करते की काय, हे तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. मी म्हटलं, "वास घ्या." त्यानं कपडा नाकाशी नेला. मग मिस्त्रीकाकांनी डबा उघडून पुरणपोळी पुढे केली, वर तेच तूप. "घरचं हाय म्हना त्याले." त्यानं तूप हुंगलं, कपडा हुंगला, पुन्हा तूप हुंगलं आणि पोळी संपवली.

"ठीक आहे, गळती नाही," तो म्हणाला. "पण विमान पांढरं आलं होतं. पिवळं असेल तर मी सही करणार नाही. परवा मी जातो."

सगळे साबण घेऊन धावले. तूप निघालं, पण साबण लागताच हळद लालभडक झाली.

"आता लाल?" तपासनीस ओरडला.

"होईल, पाण्यानं परत पिवळं होईल," मी म्हटलं. झालंही. पण तो पिवळेपणा काही हलेना. हळद उन्हानं जाते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. विमान ओढून बाहेर काढलं. आणि आभाळ भरून आलं.

दिवसभर आम्ही वर बघत उभे. कुंपणापलीकडून एक शेतकरी ओरडला, "काय वाळू घातलं जी?"

"विमान!" काका इकडून ओरडले.

"पापडासारखं? मंग उलटवत जा मधातमधात!"

संध्याकाळी बाबांचा फोन. सगळं ऐकून म्हणाले, "इकडं पराटीले पानी पाह्यजे अन् तुले ऊन. आता देवानं कोनाचं आयकाव, सांग."

"माझं, बाबा. फक्त उद्याचा दिवस."

"बरं, एक दिवस थांबतो मी," बाबा म्हणाले, जसं काही पाऊस त्यांच्याच दावणीला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळही तशीच गेली. तपासनीस खुर्ची टाकून आमच्यात बसला. काकांकडून तो 'ऊन' आणि 'ढग' हे शब्द शिकला आणि त्यातल्या 'ढग'चीच त्याला जास्त गरज पडत होती. दुपारी एकदाचे ढग फाटले. असं कडक ऊन पडलं की शेडचे पत्रे वाजायला लागले. सूर्य सरकेल तसं आम्ही विमान फिरवत गेलो, खांदा सतत उन्हाकडे. एका वेळी मी वळून बघितलं तर तपासनीसही बाह्या सरसावून आमच्याबरोबर ढकलत होता आणि काका त्याला सांगत होते, "हां, जोर लाव भाऊ, जोर!"

पिवळा डाग लिंबाच्या सालीसारखा झाला, मग धुवट कापडासारखा. उन्हं कलली तेव्हा तपासनीस पंखावर चढला. कोरा पांढरा कपडा डागाच्या जागी ठेवून कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं खिशातून पेन काढलं.

दिवाळीच्या आधी दोन नवी विमानं आली. कंपनी चालू आहे. सकाळचं विमान मुंबईला जातं, दुपारचं पुण्याला. मी कायम झाले. आता भाड्याची विमानं ताब्यात घेण्याचं आणि परत देण्याचं सगळं काम माझ्याकडे आहे आणि आजवर आमचं एकही विमान मालकानं नाकारलेलं नाही.