पाण्याच्या सभेत फौजेचा ठराव

माझी शाळा आठवीत सुटली, तरी सासरी बातम्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडंच आलं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा, इराकमध्ये अमेरिकेच्या फौजेच्या तळावर स्वयंपाकी होता. दुपारची जेवणं झाली की मी मोबाईल घेऊन बसायचे आणि तिकडचं काय चाललंय ते मोठ्यानं वाचायचे.

माझं माहेर सांगलीकडचं. वडील ट्रकवर होते. इकडं कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवायला थांबत, तिथल्या आचाऱ्याच्या, म्हणजे पुढं माझा नवरा झाला त्याच्या, हाताची चव आणि सरळ बोलणं त्यांना इतकं पटलं की त्यांनी मला एवढ्या लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या गावी केशोरीला दिलं. पहिलं वर्षभर इथली बोली मला अर्धीच कळायची आणि मी कशालाही घाबरायचे. त्या घरानं मला एकदाही परकी म्हटलं नाही. पुढं जे सांगणार आहे ते त्याच्याच जोरावर घडलं.

हिवाळ्यात एके दुपारी मी वाचलं, की तिथल्या संसदेत परदेशी फौजेनं देश सोडावा असा ठराव मंजूर झाला. मामाजींनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे पोरगा येऊन राहिला." मला तेच हवं होतं. खालच्या ओळी मी वाचल्याच नाहीत.

दोन दिवसांनी मंदिरासमोर पाण्याची सभा होती. आमच्या सासरच्या लोकांनी या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी किती नि कुणाला द्यायचं ते गाव अजून असं बसूनच ठरवतं. नियम जुना आहे. ज्याला पाणी हवं त्यानं पाट साफ करायला दोन दिवस घरचं माणूस द्यायचं, मजूर चालत नाही. माणूस आलं नाही तर पाळी सगळ्यात शेवटी, आणि शेवटच्या पाळीला तलावात बहुधा गाळच उरतो. मामाजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, फावडं उचलायची बंदी. त्या वर्षी आम्ही पाणी मागणारच नव्हतो. पण मामाजी उठले आणि त्यांनी यादीत मुलाचं नाव सांगितलं.

सभेत एकदम खसखस पिकली. फौज गेली तर हा तिकडं भात कुणासाठी शिजवणार, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, बरं झालं जातात ते, दुसऱ्याच्या गावात किती दिवस बसायचं? त्यावर पहिला चिडला. ते गेले तर त्यांनी पळवून लावलेले दहशतवादी परत येतील, मग तिथल्या बायापोरांनी काय करायचं? पाणी राहिलं बाजूला आणि अर्धा तास इराकच चालला. शेवटी रिटायर पोस्टमन काका म्हणाले, "ठराव तं आपल्या ग्रामपंचायतीतबी होतेत गा. रस्ता कुठी झाला?"

मामाजींनी मान हलवली. "पंचायत अलग. पान्याच्या सभेत ठरलं का ठरल्या दिवसी तुडूम उघडते का नाई?" तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. ते खरंच होतं. इराकची संसद त्यांनी मनात आमच्या मंदिरासमोर आणून बसवली होती. मीही बसवली होती. यादीत नाव गेलं.

पाटसफाईला आठ दिवस उरले. मग मी खालच्या ओळी वाचायला लागले. ठरावाला बंधन नव्हतं. निम्मे सदस्य मतदानाला आलेच नव्हते. अमेरिकेचे पुढारी म्हणत होते, आम्ही असे निघणार नाही. तिथंही कुणी म्हणत होतं आजच जा, कुणी म्हणत होतं थांबा, आणि दोघांची भीती मला खरी वाटत होती.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी सरळ विचारलं, अहो, फौज निघतेय का? ते हसले. म्हणाले, टीव्हीवर निघत असेल. काल आम्ही सहा महिन्यांचा तांदूळ उतरवून घेतला.

त्यांच्या तांदळावर माझा संसदेपेक्षा लवकर विश्वास बसला.

मामाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी न पेटवलेली बिडी खिशात ठेवली. मग म्हणाले, सभेत जाऊन नाव मागं घेतो. चार लोकांत दिलेला शब्द परत घ्यायला निघालेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाव राहू द्या, मामाजी. मी येते."

ते म्हणाले, बाया धानाची रोवणी करतात, पाटात उतरत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडं उसाला पाणी पाजायला बायका रात्रीबेरात्री उतरतात, चिखल तोच असतो.

सफाईच्या सकाळी नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून मी रांगेत उभी राहिले. फावडं घट्ट धरलं होतं. यादी वाचणाऱ्यानं नवऱ्याचं नाव घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत यादीत पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अमेरिकेनं हे कोन पाठवलं गा?" सगळे हसले. यादीवाला म्हणाला, इथं गडी माणसाचं नाव लिहिलं आहे.

मामाजी बांधावरून बोलले, आवाज न चढवता. "नियमात घरचं मानूस लिहिलं हाय. हे माया घरचं हाय. कोनाले शंका हाय का?"

पोस्टमन काकांनी आपल्या शेजारची जागा रिकामी केली आणि मला खुणेनं बोलावलं.

दोन दिवस आम्ही पाटात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, गाळ काढला. पहिल्या दिवशी मला पाटाचा माझा हिस्सा मोजून दिला, दुसऱ्या दिवशी कुणी मोजला नाही. आमची पाळी चौथी लागली. बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या वाफ्यात, पाणी शिरलं तेव्हा मी बांधावरूनच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, फौज जाईल तेव्हा जाईल, त्यांचं ते भांडून ठरवतील. तुम्ही त्यांच्या ठरावाची वाट बघू नका. कापणीला सुट्टी मागा, आजच अर्ज करा.

ते म्हणाले, साहेब विचारेल कारण काय.

मी म्हटलं, सांगा, घरी धान लावलंय.