खाबुऱ्यातला निकाल

मस्कत विमानतळाबाहेर माझा धाकटा भाऊ मिलिंद उभा होता. वाकून पाया पडला, बॅग घेतली आणि गाडीपर्यंत पोचायच्या आतच म्हणाला, "ताई, निवांत राहा, हवं तिथे फिरू. फक्त प्रज्ञाचा विषय नको."

प्रज्ञा ही त्याची एकुलती एक मुलगी. मस्कतमध्ये जन्मली, इथल्याच भारतीय शाळेत शिकली, मग अमेरिकेत गेली, तिथेच लग्न केलं आणि तिथलं नागरिकत्वही घेतलं. गेल्या वर्षी चांगली नोकरी सोडून ती एका नेत्याच्या प्रचारात उतरली. तिथे देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे एकेका राज्यातले साधे मतदार मतदान करून ठरवतात. अशाच एका राज्यातला एक जिल्हा प्रज्ञाने अंगावर घेतला होता. तेव्हापासून मिलिंदने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नागपूरच्या नातेवाइकांना तो सांगायचा, "ती पुढचं शिकतेय." हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. सुट्टी, समुद्र, खजूर हे सगळं ठीक होतं, पण खरं तर मी भांडायलाच आले होते.

मिलिंद राहतो मस्कतच्या दार्सैत भागात. इमारती एकमेकींना खेटून, खाली मल्याळी चहावाला, शिंपी, मोबाईलची दुकानं. संध्याकाळी कृष्णमंदिराकडे चालत निघालेल्या बायका पाहिल्या की आपण देश सोडलाय असं वाटत नाही. लिफ्टमध्ये दोन मराठी मुली इंग्रजीत बोलत होत्या. मी मराठीत नाव विचारलं, तर थोरलीने आधी मनात जुळवाजुळव केली आणि मग लाजत म्हणाली, "माझी नाव सई आहे." मला हसू आलं. प्रज्ञाही लहानपणी अशीच बोलायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही निझवाला गेलो. उघडेबोडके, तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी अचानक हिरवीगार खजुराची बाग. बागेतून फलज (डोंगरातलं पाणी गावात आणणारा पाट) खळखळत होता. मी चपला काढून पाय बुडवले आणि एक चप्पल पाण्याबरोबर निघून गेली. बाजारात अनवाणी, उन्हाने तापलेल्या फरशीवर उड्या मारत मी नवी जोडी घेतली. हलव्याच्या दुकानात बसलो. हलवा गरम, तुपाने थबथबलेला, सोबत कहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी). दुकानदार कच्छी होता, बरीच वर्षं इथेच. त्याने हिंदीत सहज विचारलं, "बच्चे कितने हैं, भाई?"

"एक बेटी. अमेरिका में पढ़ती है," मिलिंद म्हणाला.

मी घास तसाच बशीत ठेवला.

निकालाची सकाळ उजाडली. तिकडे आदल्या दिवसाची रात्र. मला वाटलं होतं मिलिंद झोपलेला असेल, पण तो बैठकीत टीव्हीसमोर बसला होता, आवाज अगदी बारीक करून. पडद्यावर नकाशा होता. थोडीशीच मतं मोजून झाली होती, बहुतेक टपालाने आलेली, आणि प्रज्ञाचा उमेदवार पुढे होता. तिच्या जिल्ह्यात तर चांगलाच पुढे.

"बघितलंस?" मिलिंद उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. त्याने कामावरच्या सहकाऱ्याला फोन लावला. "अरे, माझी मुलगी! तो अख्खा जिल्हा तिने सांभाळला!" मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. काल शिकत असलेली मुलगी आज एकदम नेता घडवणारी झाली होती. फक्त तिला स्वतःला काही त्याने फोन केला नाही.

"तिला लाव ना," मी म्हटलं.

"निकाल पक्का होऊ दे."

ठरल्याप्रमाणे आम्ही खाबुरा या मासेमारीच्या गावी निघालो. बातिनाच्या किनाऱ्याचा सरळ रस्ता, डावीकडे लांबवर डोंगरांची रांग, उजवीकडे लिंबांच्या आणि खजुराच्या बागा, मधूनच समुद्राची चमक. पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण मिलिंद दर थोड्या वेळाने म्हणायचा, "ताई, बघ ना, किती झालं?" मी मोबाईलवर बघायची. आघाडी कमी होत होती. प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा आवाज कोरडा होत गेला. सोहार बंदराकडे जाणारे ट्रक मागे पडले, तसं त्याने विचारणंही सोडलं.

खाबुऱ्याला इक्बालभाईंचं जाळी आणि दोरखंड विकायचं दुकान आहे. मूळचे रत्नागिरीकडचे, मिलिंदचे जुने स्नेही. दुकानाच्या मागेच घर. सकीनाभाभींनी तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि खुबूस (अरबी रोटी) असं सगळं मांडलं होतं. इक्बालभाईंनी पाहुण्यांसाठी टीव्ही लावला. आम्ही पहिला घास घेतला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकलं: दुसरा उमेदवार विजयी.

"खलास," मिलिंद म्हणाला. मग इक्बालभाईंकडे वळून हसला. "पोरीची हौस हो. चांगली नोकरी होती. आता येईल ठिकाणावर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रज्ञा! मी स्पीकर लावला, तिच्यामागे माणसांचा गलका होता.

"आत्या, बाबा टीव्ही बघतायत का?"

मी काही बोलायच्या आत मिलिंदने फोन ओढला. "झालं समाधान? वर्ष घालवलंस. आता तरी संपलं म्हण."

"बाबा, संपलं नाहीये." ती गलक्यावरून ओरडली. "माझ्यासमोर अजून लोक लाइनमध्ये उभे आहेत. मतदान केंद्रावर मशिन बंद पडलं होतं. ते तीन तास उभे आहेत. आणि टीव्हीवाल्यांनी रिझल्ट डिक्लेअर केला! लोक फोन बघून घरी जायला लागलेत. मी एकेकाला थांबवतेय, प्लीज थांबा, तुमचं वोट अजून मोजायचंय."

"पण उपयोग काय?"

तेव्हा माझा संयम सुटला. परकं घर, समोर भरलं ताट, कसलंच भान राहिलं नाही. "उपयोग? आपले बाबा मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून रांगेत उभे राहायचे. त्यांचा माणूस कधी निवडून आला का? एकदा तरी? पण तू तेव्हा त्यांचं बोट धरून उभा होतास, मिलिंद! सकाळी ती पुढे होती तेव्हा तुझी मुलगी. आता मागे पडली तर हौस? आणि तिचे लोक तिथे अजून उभे असताना तूच निकाल लावून मोकळा?"

सकीनाभाभींनी भाकरीवरचं फडकं नीट केलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरीला वरडू नका हो, भाऊ. ती दमलीय."

फोनवरून प्रज्ञाच म्हणाली, "बाबा, मी मस्कतमध्ये वाढले. तिथे आपण पाहुणे. इंडियात मी सुट्टीपुरती. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, की तुला काय हवंय. इथे पहिल्यांदा विचारलं. ते मी हौस म्हणून कसं सोडू? ठेवते आता. एक आजोबा निघालेत, त्यांना खुर्ची देते."

फोन बंद झाला. मिलिंदने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. त्याने माफी मागितली नाही, मीही काही मऊ बोलले नाही. किनाऱ्यावर होड्या मासळी घेऊन आल्या होत्या. इक्बालभाईंनी हौसेने दाखवल्या, मी पाहिल्या, पण त्यातलं काही आठवत नाही.

आम्ही मस्कतकडे परत निघालो. बर्का मागे पडल्यावर मिलिंदने गाडी कडेला घेतली.

"पुढचं मतदान कुठल्या राज्यात आहे?"

"तिला विचार."

तो खाली उतरला, रस्त्याकडे पाठ करून त्याने फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. "शेवटच्या माणसाचं मत पडलं म्हणे," एवढंच म्हणाला. मला बरं वाटलं, पण राग गेला नाही.

नागपूरला परतून आता काही महिने झाले. प्रज्ञाचा उमेदवार मागेच शर्यतीतून बाहेर पडला, ती नवी नोकरी शोधतेय, बापलेक आठवड्याला बोलतात. लोक विचारतात, ओमान कसं वाटलं? मी डोंगर सांगते, हलवा सांगते. खाबुऱ्याचं सांगत नाही, कारण सांगायला लागले की आवाज चढतो. लोक रांगेत उभे असताना ज्यांना निकालाची घाई झाली, त्या सगळ्यांवर मी चिडलेली आहे. त्यांतला एक माझा भाऊ आहे, म्हणून जास्तच.