मनीची वाटी

आमच्या मांजरीने, मनीने, आजही दूधभाताला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "घरात काही बदललंय का?"

बाबा गेले, एवढंच. जेवायला बसले की पहिला घास ते बोटांनी कुस्करून तिच्यापुढे ठेवत. मी वाटीत चमच्याने कालवून देते. ती नुसता वास घेते आणि बाबांच्या रिकाम्या पाटाशी जाऊन बसते.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. "दादाची काही इच्छा राहिली नाही," आत्या म्हणाली. आम्हाला हायसं वाटलं. मागे राहिलेल्यांचं कावळ्याला कोण विचारतं? घरी येऊन सगळे पोटभर जेवलो. मनीची वाटी सकाळपासून तशीच भरलेली होती.