गुंजणमावळ कुणाचं?

राजनंदिनीनं ते नाव घेतलं तेव्हा खोऱ्यात कुणालाच ते नको होतं. लग्न होऊन गुंजवणीच्या खोऱ्यात येण्याआधी ती पुण्यात एका कंपनीत होती. वेबसाइटची नावं विकणं हेच त्या कंपनीचं काम. सासरी आली त्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, आणि रस्ता बंद आहे हे न कळल्यामुळं माणसं भर पावसात जाऊन हात हलवत परत आली. तेव्हा तिनं स्वतःच्या नावानं मराठी अक्षरांतलं एक नाव नोंदवलं : गुंजणमावळ.भारत. खोऱ्याचं जुनं नाव तेच.

हळूहळू गावोगावचं कुणी ना कुणी तिला बातमी कळवू लागलं. कुठला रस्ता बंद, एसटी आली का, दवाखान्यात डॉक्टर कधी, हातसडीचा तांदूळ कुणाकडं शिल्लक आहे. ती ते वेबसाइटवर टाकायची. नियम एकच होता : कुणाचा फोटो लावायचा नाही. वाढदिवसाचा नाही की पुढाऱ्याचा नाही. लोकांचा विश्वास बसत गेला, आणि सकाळी घराबाहेर पडताना गुंजणमावळ बघायची सवयच खोऱ्याला लागली.

मग पंचायत समितीच्या निवडणुकीची हवा सुरू झाली आणि इंद्रजितदादा घरी आले. दादा उभे राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. चहा घेताना ते म्हणाले, "वहिनी, नाव सगळ्या खोऱ्याचं हाय. ते एकट्या माणसाच्या नावावर कशापायी?"

"खरंय दादा. मग कुणाच्या नावावर असावं?"

"आमच्या प्रतिष्ठानच्या."

राजनंदिनीला वाटलं, गंमत करतायत. ती हसली. दादा हसले नाहीत.

त्यानंतर ते तिच्याकडं परत आले नाहीत. ते बाकी सगळ्यांकडं गेले. कुठं सरपंचांशी ओटीवर बसून बोलले, कुठं बचत गटाच्या बायकांना भेटले, कुणाला बोअरचा शब्द दिला तर कुणाच्या भाच्याला कामाचा. एकेक ग्रामपंचायत ठराव करू लागली : गुंजणमावळ हे नाव खोऱ्याच्या मालकीचं असून ते प्रतिष्ठानकडं द्यावं. विरोधी गटाचा निरोप आला तो आणखी वेगळा. त्यांना देऊ नका, आमच्याकडं द्या. शेवटी दादांच्या वकिलाची नोटीस आली. नाव सोडा, नाहीतर हे ठराव जोडून दिल्लीला, .भारतची नावं सांभाळणाऱ्या कचेरीकडं, तक्रार करतो.

नवरा गोरख वरव्याच्या एका कारखान्यात स्वतःचा टेम्पो लावायचा. एक दिवस तो दुपारीच रिकामा परत आला.

"सुपरवायझर म्हनला, घरातलं मिटवा, मग या," त्यानं चावी फळीवर टाकली. "काय पडलंय त्या नावात?"

"काही पडलं नसतं तर ते एवढे मागं लागले असते का?"

सासरे कुंडलिकआबा कोपऱ्यात विळ्याला धार लावत होते. सगळा जन्म त्यांनी दादांच्या घराण्याच्याच पॅनेलला मत दिलेलं. मान वर न करता ते म्हणाले, "दे की टाकून."

तिनं दिलं नाही. पण त्या दिवसापासून फोन वाजला की ती आधी नंबर बघायची, मगच उचलायची.

आषाढात पावसानं झोडपून काढलं. एका पहाटे पाबे घाटात दगड येऊ लागल्याचं कळताच तिनं टाकलं : घाट बंद, पुण्याला नसरापूरवरून जा. त्याच सकाळी वरच्या वाडीचा हणमंत आई धोंडाबाईंना डायलिसिसला घेऊन घाटानंच निघाला. चढावर जीपच्या पुढं दरड आली. मागं वळवेपर्यंत मागचाही रस्ता गेला. म्हातारीचा श्वास लागला. अखेर खालच्या गावातली माणसं आली, त्यांनी धोंडाबाईंना घोंगडीच्या झोळीत घालून चिखलराड्यातून पलीकडं नेलं, आणि तिथून ॲम्ब्युलन्स मिळाली.

जीव वाचला. पण संध्याकाळी बातमी फिरली ती अशी, की राजनंदिनीच्या वेबसाइटवर घाट चालू दाखवला होता.

शिव्या येऊ लागल्या. ओळखीच्या बायकांनी फोन उचलणं बंद केलं. तिनं आपलं पान चार वेळा तपासलं. 'घाट बंद' असंच होतं. शेवटी बहिणीनं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी लिंक पाठवली, आणि राजनंदिनीनं ती उघडली. रंग तोच, मांडणी तीच. मागच्या आठवड्यातली तिचीच बातमी : घाट चालू. पण पत्ता नीट वाचला तर नावात ण च्या जागी न होता. गुंजनमावळ.भारत. हे जुळं नाव मुद्दाम विकत घेतलेलं होतं.

दादांनी लगेच सगळ्या सरपंचांची बैठक देवळाच्या सभामंडपात बोलावली. "जाऊ नकोस," गोरख म्हणाला. ती निघाली. आबाही टोपी घालून निघाले, पण तिच्याशेजारी न चालता पुढं गेले आणि दादांच्या बाजूच्या सतरंजीवर जाऊन बसले.

"वहिनींबद्दल राग न्हाई," दादा बोलायला उभे राहिले. "पर येका मान्साच्या हाती सगळं खोरं असलं की अशी चूक हुती. आज म्हातारी गेली असती."

राजनंदिनीनं दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणली होती. ती उभी राहून ण आणि न मधला फरक सांगू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "न काय आन् ण काय, येकच की!" मंडप हसला. तिनं कागद आणखी वर धरला.

तेवढ्यात हणमंत आला, थेट दवाखान्यातून. डोळे तारवटलेले. "ही बघा, उभी हाय अजून! हिच्यापायी माजी आई मरत हुती. म्या सोता वाचलं हुतं मोबाईलवर, घाट चालू!"

"हणमंतभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही वाचलं ते खरंच. त्या पानावर वर काय होतं, आठवतं?"

"काय असनार? दादांचा फोटू. हात जोडल्याला."

बोलून गेला आणि तोच थबकला. पुढच्या रांगेत वाडीच्या सरपंच सखूबाई बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सून रोज सकाळी मोबाईल उघडून दाखवायची. त्या म्हणाल्या, "बाय, तुज्या पानावर कवा फोटू असतोय?"

"कधीच नाही, आत्या."

सखूबाई दादांकडं वळल्या. दादांच्या कपाळावर घाम आला होता. "पोरांनी केलं आसंल. मला ठावं न्हाई."

"मग तुमच्या पोरांच्या हाती द्याचं व्हय आमी नाव?"

एकच गलका झाला. ठराव फाडा, नाव हिच्याकडंच राहू द्या, असं ओरडणारेही निघाले. मघाशी हसणारे तेच. राजनंदिनीला त्यांचाही विश्वास वाटेना. ती म्हणाली, "माझ्याकडंही नको. दादा एक बोलले ते बरोबर आहे. उद्या मला काही झालं, तर? संस्था करू. गावागणिक एक माणूस. नाव कुणाला द्यायचं झालं तर निम्म्याहून जास्त गावं हो म्हणाली पाहिजेत."

दादा मुरलेले होते. सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळी वाजवली. मग संस्थेत कोण, अध्यक्ष कोण, यावर दिवस मावळेपर्यंत घोळ चालला. उघड वैर कुणालाच नको होतं, म्हणून अध्यक्ष दादांचा माणूस झाला आणि चिटणीस सखूबाईंची सून. जुळं नाव बंद करतो, असं दादांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. त्यावरचा फोटो त्याच दिवशी गेला. नाव मात्र अजून त्यांच्याकडंच आहे.

राजनंदिनीला वाटलं होतं, आपल्या गावातर्फे आपलंच नाव जाईल. गावानं कुंडलिकआबांचं दिलं. "घरातलंच मानूस हाय की," लोक म्हणाले. आबांनी नको म्हटलं नाही. तिला विचारलंही नाही.

संस्थेची नोंदणी झाली तेव्हा तिनं कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि नाव संस्थेकडं करून दिलं. मालकाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव पुसलं गेलेलं बघून तिला मोकळं वाटेल, असं वाटलं होतं. वाटलं नाही.

कारखान्यानं गोरखला परत बोलावलंच नाही. तो आता किकवीवरून भाजी भरून पुण्याला नेतो. मिळकत कमी, पण घरात तो विषय काढत नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. बातम्या येत राहिल्या आणि ती टाकत राहिली. आबांशी मात्र दिवाळीपर्यंत कामापुरतंच बोलली.