पेंटरकाकांचं शेंदरी बटण

डावा डोळा मिटून, कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर अंगठा धरून ते आधी माप घ्यायचे. मग म्हणायचे, "बसवतो की एका ओळीत!"

हिंगोलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. फ्लेक्स आले आणि काकांचे ब्रश वाळून बसले. मग पन्नाशी उलटल्यावर हा माणूस लेकीकडून कॉम्प्युटर शिकला आणि आमच्याकडे अ‍ॅपची पानं लिहायला आला. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं: नरसीला येणाऱ्या भाविकांना मुक्कामाची जागा शोधून देणाऱ्या अ‍ॅपचं पहिलं पान जमलं, तर नोकरी पक्की.

पाटी रंगवणारा तुम्ही जवळून पाहिला असेल, तर त्याची खोड तुम्हाला ठाऊक असेल. मजकूर कितीही असो, पाटीत मावलाच पाहिजे. काका कोडही तसंच लिहीत. बटणाचं नाव, रुंदी, रंग, सगळं सुरुवातीच्या एकाच कंसात, दाटीवाटीनं. ओळ मोडणं म्हणजे त्यांना हात कच्चा असल्यासारखं वाटे.

अडलं ते मुख्य बटणावर. काकांना वर शेंदरी आणि खाली जाता जाता पिवळ्यात विरघळणारा रंग हवा होता, त्यांच्या पाट्यांवरच्या अक्षरांना असायचा तसा. त्यांनी दोन्ही रंग त्याच कंसात कोंबले. पानच उघडेना. दुपारचा डबा तसाच राहिला. चेहरा पार उतरला होता. शेवटी ते माझ्या टेबलाशी आले.

"म्याडम, काहून घेऊन न्हाई राहिलं हे?"

"काका, एकच रंग असला तर तो त्या कंसात चालतो. दोन असले की बटण उघडायचं, आत रंगासाठी वेगळी जागा करायची आणि तिथं दोन्ही एकाखाली एक मांडायचे."

"म्हंजी ओळ मोडायची?"

"मोडायची."

काकांनी जड हातानं ओळ मोडली. पान उघडलं, आणि शेंदरी रंग हळूच पिवळ्यात उतरला. अंगठा धरायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"बराबर माझी पाटी दिसून राहिली," म्हणाले आणि डोळे पुसू लागले. नोकरी पक्की झाली. दुसऱ्या दिवशी पेढ्यांऐवजी आम्हाला कनेरगाव नाक्याची गरम भजी मिळाली.

आता काका नाहीत. त्यांनी रंगवलेल्यांपैकी उरलेली शेवटची, नाक्यावरच्या ढाब्याची पाटीही रस्ता रुंद होताना निघाली. मला त्यांची फार आठवण येते.

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीनं त्या बटणाचा कोड पाहिला. "ताई, एवढ्या ओळी कशाला? एकच रंग देऊन एका ओळीत बसवू का?"

"नको," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. अख्ख्या हिंगोलीत त्यांच्या हातची तेवढी एकच पाटी उरली आहे.