फाटकावरून परत गेलेले दाजी

मी प्रोग्रामर आहे. जळगावात मेहरूणला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, त्यामुळे आमच्या नातेवाइकांचा समज असा की मी नुसताच घरी असतो. बायकोचा समज त्याहून पक्का. तिनं हिवाळ्यात भरिताच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं, तेव्हा म्हणाली, "बसलेच आहात, तर वेबसाईट करून टाका."

केली. तिची अट एकच होती. "गिऱ्हाईक आपल्या दारातून कोरडं जायला नको."

त्यासाठी मी इंटरसेप्टर लावला. तो काय प्रकार असतो, हे आमच्या घराकडे बघितलं की कळतं. कुणी आलं की फाटकाशी मी. कोण, कुठले, काय काम? वेबसाईटवर हेच काम करणाऱ्याला गार्ड म्हणतात. माझ्या तावडीतून सुटलेला माणूस ओट्यावर येतो, तिथं बायको. ती पाणी देते आणि मग आत सोडते. काम उरकून तो निघाला की पुन्हा तीच आडवी येते, पिशवीत चार केळी कोंबते, "परत या बरं का" म्हणते. आत जातानाही ती, बाहेर पडतानाही ती, हाच इंटरसेप्टर. आत ऑर्डर नोंदवणाऱ्या कोडला या पाहुणचाराचा पत्ताही नसतो. प्रत्येक पानावर वेगळं गोड बोलायला नको, एकदा लिहिलं की सगळीकडे लागू. मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी धुळ्याहून अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. "का रे भाऊ, तुन्ही वेबसाईट शे का पोलीसचौकी शे?"

झालं होतं असं. दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, मेव्हण्याच्या बायकोला प्रोत्साहन म्हणून गुपचूप ऑर्डर टाकली. रविवारी आमच्या शेतात भरीत पार्टी होतीच, तिथून परत जाताना सोबत नेणार होते. पत्ता घातला धुळ्याचा. आम्ही घरपोच देणार फक्त जळगावात, हे गार्डला मीच शिकवलेलं. त्यानं उत्तर दिलं, "प्रवेश नाकारला. तुम्हाला परवानगी नाही." बाकी सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. हे एकच वाक्य मी भाषेच्या प्रेमापोटी मराठीत केलं होतं.

सासुरवाडीनं जावयाला परवानगी नाकारली! आमच्याकडे जावयाला "भाकरी संपली" असंसुद्धा थेट सांगत नाहीत. दाजी म्हणाले, रविवारी येत नाही. आणि ते नाहीत तर अक्काही नाही. आई गेल्यापासून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचायला अक्काच बसते. तिच्याशिवाय पार्टी करायची कल्पना मला सहन होईना.

"पण इंटरसेप्टर चालू आहे," मी बायकोला सांगत होतो. "तू आहेस ना ओट्यावर. माणूस आत आला की..." आणि माझं मलाच कळलं. दाजी आत आलेच नव्हते. ज्या तयार सांगाड्यावर मी वेबसाईट उभी केली, त्या फ्रेमवर्कमध्ये आधी गार्ड, मग इंटरसेप्टर. फाटकावरून हाकललेल्याला ओट्यावरचं पाणीही मिळत नाही आणि निरोपही नाही.

"म्हणजे चूक फाटकावरच्या माणसाची," बायको शांतपणे म्हणाली, आणि वांगी निवडू लागली.

हा क्रम फ्रेमवर्कचा, मला उलटवता येईना. पण शेवटी एक जागा असते, एक्सेप्शन फिल्टर. फाटकावर, ओट्यावर किंवा आत, कुठेही अडलेला माणूस परत जाताना तिच्यातूनच जातो. तिथं मी बायकोच्या तोंडचे शब्द लिहिले. मग अक्काला फोन केला. "दाजींना म्हणावं, एकदा परत ऑर्डर टाका."

"आते काय, हात जोडीसन परवानगी मागू का?" मागून दाजींचा आवाज आला. फोन बंद.

रविवारी शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजून झाली. बडगी रिकामीच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, तेवढ्यात धुळ्याची गाडी शेताच्या फाटकाबाहेर थांबली. अक्का उतरली. मागून दाजी उतरले, पण पाय आत टाकेनात. खिशातून मोबाईल काढून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "धुळ्यापर्यंत भरीत पोचवायला आमचे हात तोकडे पडतात, तुम्हीच या, चूल पेटलेली आहे." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चूल तर पेटेल शे. मंग परवानगी शे का?"

मी घाईनं पुढे झालो. बायकोनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती फाटकाबाहेर गेली.