टेपवाल्या बाईंचं घर

दौंडकडच्या दादानं टेपवाल्या बाईंना फसवलं. शारजात फसवलं, भाड्याच्या घरावरून फसवलं, आणि आता तो परत येऊन दौंडला मंगल कार्यालय बांधून बसला आहे. हे आधी लिहून ठेवते, कारण बाईंचा विषय निघाला की लोक त्यांच्या चांगुलपणाचं बोलतात, हळहळतात आणि चहा पिऊन उठतात. त्याचं नाव कुणी काढत नाही. मीही ते लिहीत नाही. सगळे त्याला दादाच म्हणतात, आणि हे वाचल्यावर कोण ते त्याला बरोबर कळेल.

बाईंच्या पर्समध्ये शिंप्याकडे असतो तसला पिवळा टेप कायम असायचा. कारेगावात माझ्या खोल्या आहेत, रांजणगावच्या कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं देते. बाई पहिल्यांदा खोली बघायला आल्या, तेव्हा पाणी कधी येतं, भाडं किती, हे काही न विचारता त्यांनी आधी टेप काढला. सोबत सात वर्षांची ईश्वरी होती. तिनं सवयीनं टेपचं एक टोक भिंतीला धरलं. मी दहा बाय दहा सांगितलेली खोली दहा बाय साडेनऊ निघाली.

माझं डोकं फिरलं. "बाई, खोली घ्यायची हाय का सरकारी मोजणी आणायची हाय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाडं कमी नको, आक्का. खिडकीखाली साडेतीन फूट भिंत मोकळी आहे. तिथं एक फळी ठोकून द्या, हिला अभ्यासाला."

मी भाड्यावरून भांडायला कंबर कसून बसले होते आणि या बाईनं फळी मागितली. घासाघीस करायला जागाच ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून फळी ठोकली आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

बाई शिरूरच्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवायच्या. नवरा शिक्रापूरच्या चौकात ट्रकखाली गेलेला. शिरूर गावात त्यांनी सात-आठ घरं बघितली होती. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, घरात पुरुषमाणूस कोण? मीही तोच विचारला, खोटं कशाला सांगू. त्यांनी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही आहे की." त्यानंतर मी कुठल्याही बाईला तो प्रश्न विचारलेला नाही.

कामगारांनीच त्यांचं टेपवाल्या बाई असं नाव पाडलं. कुणाचं कपाट दारातून आत जाईना, बोलवा बाईंना. कपडे वाळत घालायच्या तारेवरून बिहारकडचे दोघं जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बाईंनी तार मोजली, मधोमध लाल दोरा बांधला आणि हिंदीत सांगितलं, आता ज्याची पँट पलीकडे जाईल त्यानं दोघांचे कपडे धुवायचे. त्या दोघांपैकी एकाची बायको पुढे बाईंकडे बेरीज-वजाबाकी शिकायला बसायला लागली. संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा मुलं असायची. फी नाही. मी एकदा म्हटलं, निदान वह्यांचे तरी घ्या. त्या म्हणाल्या, "तुमचा ओटा फुकट वापरते ना, मग कसले घेऊ?"

काहीही संकट आलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी मोजू, मग रडू." शाळेनं तीन महिने पगार थकवला तेव्हा, ईश्वरीला टायफॉइड झाला तेव्हा, त्या हेच म्हणाल्या. मोजून झाल्यावर त्या रडल्या का, ते मला माहीत नाही. माझ्यासमोर कधी रडल्या नाहीत.

एक मात्र त्यांना येत नसे. स्वतःसाठी भाव करणं. शिरूरच्या बाजारात त्या वांग्याचा सांगितला तो भाव देऊन मोकळ्या व्हायच्या, आणि मी मागून जाऊन त्या माळणीशी भांडून यायचे. हळूहळू त्यांची सगळी खरेदी मीच करायला लागले. त्यात मला सुख होतं, हे आता कबूल करते.

शारजाच्या शाळेतली नोकरी पुण्याच्या एका ऑफिसातून आली. भारतीय मुलांची शाळा, इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पगार. राहायला शाळेची खोली होती, पण एका खोलीत चार बायका, आणि मूल आणायची परवानगी नाही. मूल आणायचं तर घर आपलं आपण शोधायचं. बाईंनी ईश्वरीला दौंडला भावाकडे ठेवलं आणि तिला सांगितलं, सहा महिन्यांत नेते. ईश्वरी तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा पानं मोजून सहाव्याला खूण केली.

दर रविवारी बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या घरं बघत हिंडत होत्या आणि मला दाखवत होत्या. एका हॉलचे प्लायवूड लावून पाच तुकडे केलेले, एकेका तुकड्यात एकेक कुटुंब. एका घरात खिडकीच नव्हती. बरं घर असेल तर मालक वर्षभराचे चेक पुढच्या तारखा घालून एकदम मागायचा, आणि बाईंना अजून चेकबुकच मिळालं नव्हतं. बाकीच्या ठिकाणी पाटी असायची, फक्त फॅमिलीसाठी. एकटी बाई म्हणजे फॅमिली नाही. बाई हसत म्हणाल्या, "आक्का, इकडे मी बॅचलर आहे." मीही हसले. फोन ठेवल्यावर मला शिरूरची ती सात-आठ घरं आठवली.

आणि नुसतं घर मिळून भागणार नव्हतं. ईश्वरीचा व्हिसा काढायला घराचा करार बाईंच्या नावावर हवा, त्यावर तिथल्या पालिकेचा शिक्का हवा. कागद नाही तर पोरगी नाही. बाईंनी हे मला तीनदा समजावून सांगितलं होतं, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी काय केलं तेही सांगणार आहे.

दादा त्याच शाळेत बसगाड्यांचं बघायचा. दौंड तालुक्यातला, बाईंच्या माहेरापासून दोन गावं सोडून. वीस वर्षं तिकडे काढलेली. नवीन आलेल्या मराठी माणसाला तोच सिमकार्ड काढून द्यायचा, भाकरीचं पीठ कुठे मिळतं ते दाखवायचा. त्यानं बाईंना एक घर दाखवलं. एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीतून शाळेची बस दिसायची. बाईंनी टेप लावला आणि मोबाइल त्या भिंतीकडे वळवला. "चार फूट आहे, आक्का. इथं पलंग, इथं तिचं टेबल."

करार दादाच्या नावावर होता. तो म्हणाला, महिन्याभरात तुमच्या नावावर करून देतो, मालक माझ्या शब्दाबाहेर नाही. फक्त वर्षाचं भाडं आत्ता माझ्याकडे द्या, दुसरं गिऱ्हाईक बसलंय. बाई अडल्या. म्हणाल्या, "कागदाशिवाय मन धजत नाही, आक्का. काय करू?"

इथे आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. कारेगाव असो, शिक्रापूर असो, कामगारांच्या खोल्यांना कसला आलाय कागद. माणूस येतो, बोलणं होतं, तो आपलं कुलूप दाराला लावतो, आणि खोली त्याची होते. तो चार महिने गावी गेला तरी मालक त्या कुलपाला हात लावत नाही. लावला तर बाकीच्या सगळ्या खोल्या रिकाम्या होतील. आमच्याकडे कुलूप हाच करार. माझा आख्खा धंदा त्यावर उभा राहिला. मी जगात दुसरं काही बघितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, आधी कुलूप लावा. आपलं कुलूप लागलं की खोली आपली. कागद येतो की मागनं."

एवढ्यावर थांबले नाही. दादाला फोनवर घ्यायला लावलं आणि भाड्याची घासाघीस केली. मी एक आकडा फेकला आणि तो लगेच खाली आला. मला वाटलं, जिंकले. आयुष्य या धंद्यात घालवलं आणि मला एवढं कळू नये? स्वतःची वस्तू विकणारा माणूस असा झटकन उतरत नाही. त्याला मालकाला काही द्यायचंच नव्हतं, मग त्याचं काय जाणार होतं? बाईंनी बँकेचं कर्ज काढून भाडं दिलं. दाराला नवं कुलूप लावलं आणि मला फोटो पाठवला.

इकडे भावानं ईश्वरीचा शाळेतून दाखला काढला. तिनं वर्गात पेढे वाटले, मैत्रिणींना आपली वह्या-पुस्तकं देऊन टाकली. व्हिसाचा अर्ज परत आला, करार तुमच्या नावावर नाही. दादा म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मग त्याच्या पुढच्या. शाळेला सुट्टी लागली, संपली. सप्टेंबरात एका दुपारी बाई शाळेतून आल्या, तर त्यांचं कुलूप कापलेलं आणि दाराला दुसरंच लावलेलं. मालकाच्या माणसानं सांगितलं, सात महिन्यांचं भाडं आलेलं नाही. बाई म्हणाल्या, मी वर्षाचं भरलंय. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? तुमचं नाव कुठंय?

दादा त्याच्या चार दिवस आधी नोकरी सोडून भारतात निघून गेला होता.

शाळा म्हणाली, हा तुमचा खाजगी मामला. दुसऱ्याच्या नावाच्या घरात राहणं तिथे नियमात बसत नाही, तेव्हा फार बोललात तर तुमचीच नोकरी जाईल. आमच्याकडचे पोलीस म्हणाले, घडलं तिकडे, आम्ही काय लिहून घेणार? आणि दाखवायला कागद कुठे होता? बाईंचं सामान तीन खोक्यांत भरून जिन्यात ठेवलेलं होतं. ईश्वरीसाठी घेतलेलं टेबल त्यांनी खाली राहणाऱ्या एका केरळी नर्सला देऊन टाकलं आणि चार बायकांच्या खोलीत परत गेल्या. त्या रविवारी मला वाटलं, शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची चूक नाही, आक्का. मीच विचारलं होतं तुम्हाला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळी सुट्टीत त्या आल्या. दौंडला मी सोबत गेले. ईश्वरीला दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेत घातलं होतं. जुन्या वर्गातल्या मुली रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, काय गं, दुबईहून कधी आलीस? ती आईच्या पाया पडली, परक्या बाईच्या पडावं तशी. बाईंनी मोबाइलवरचे फोटो दाखवले, ही खिडकी, ही भिंत, हे तुझं टेबल. पोरीनं सगळे बघितले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "हे कुणाचंही घर असंल. तुला मला न्यायचंच नव्हतं, तर तसं सांगायचं. दाखला कशाला काढायला लावला?"

मी मध्ये पडले, म्हटलं, अगं मी बघितलंय ते घर. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आईच्याच बाजूनं बोलणार."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. येताना एसटी चौफुल्याला थांबली. तेव्हा बाई म्हणाल्या, "तिला खोटं वाटतंय ते मला मोजता येत नाही, आक्का."

त्या परत गेल्या. कर्ज फेडायचं होतं. जानेवारीत न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात होत्या, आणि गेल्या. पेटी दौंडला आली तेव्हा ईश्वरी दारात उभी होती. रडली नाही. आज ती सोळा वर्षांची आहे. आईचा फोटो तिनं मामाच्या घरात लावू दिलेला नाही.

गेल्या महिन्यात मी दादाच्या कार्यालयात गेले. पांढरे कपडे, गळ्यात चेन, कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून निघाला होता. मला त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, तिकडं सगळेच असं करतात, माझेही लोकांनी बुडवले. मग माझा आवाज चढला, मांडववाले बघायला लागले, तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "आक्का, निम्मे देतो. बोला, मिटवू."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी समोरून आलेल्या आकड्यावर बोलले नाही. म्हटलं, "पैसं नकोत. पोरीला जाऊन सांग."

"पोरीला काय सांगायचं? झालं गेलं."

झालं गेलं नाही, दादा. माझा वाटा मी वर लिहिला आहे. कुलूप लावा असं मी सांगितलं, चारचौघांत कबूल करते, आणि ईश्वरीच्या तोंडावरही सांगितलं आहे. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. तुमच्या सांगण्यावर बसेल, कारण स्वतःच्या तोंडानं स्वतःला चोर म्हणायला कुणी खोटं बोलत नाही. तिच्या मामाचं घर तुमच्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिच्या समोर उभे राहा आणि सांगा की घर होतं, तुझ्या आईनं तुझ्यासाठीच घेतलं होतं, आणि ते मी खाल्लं.

कधी जाताय, तेवढं बोला.